बहिणाबाई नेमक्या कोणत्या? अभंग-कवितांचा ऑनलाइन शोध घेताना या चुका टाळा

नववी-दहावीच्या वर्गाला 'बहिणाबाईंची माहिती शोधून आणा' असं सांगितलं, की काही वह्यांत हमखास एक जोडकाम दिसतं. वर बहिणाबाई चौधरींचा फोटो, जन्म १८८०, गाव जळगावजवळचं असोदे. आणि खाली 'संत तुकारामांच्या शिष्या'. दोन बाया, मध्ये अडीचशे वर्षं. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या (१६२८–१७००), 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' म्हणणाऱ्या. 'अरे संसार संसार' म्हणणाऱ्या चौधरी खानदेशातल्या, १९५१ साली गेलेल्या. सर्च करताना यंत्र नावाची अक्षरं जुळवतं, माणूस ओळखत नाही. म्हणून नुसत्या नावाने शोध सुरूच करू नये. पाठ्यपुस्तकातल्या कवितेचे सलग तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत टाकावेत, जोडीला गाव किंवा शतक. नाव शेवटी येऊ द्यावं.

मुळात विषयच मोठा दिला जातो. 'तुकारामांवर माहिती' म्हटलं की मुलं पहिल्या पानावरचे दोन परिच्छेद उतरवतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्याऐवजी चौघांच्या गटाला एकच अभंग आणि एकच प्रश्न द्या: हा शब्द आज कुठे वापरतात? ही ओळ दोन ठिकाणी वेगळी का छापली आहे? पस्तीस मिनिटांच्या तासात एवढंच नीट होतं.

ओळ कुठून घेतली, ते न पाहणं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. बहिणाबाई चौधरींची ओळ बघा: 'आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर'. अनेक ठिकाणी ती 'तेव्हा मिळते भाकर' अशी सापडते. कुणीतरी चांगल्या हेतूने 'शुद्ध' केलेली असते, पण 'ळ'च्या जागी 'य' येणं हीच त्या बोलीची खूण आहे. 'मिळते' लिहिलं की खानदेश पुसला जातो आणि कवितेचा सूर बदलतो. या कविता त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ऐकून उतरवल्या आणि १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यामुळे छापील पाठ हाच आधार. गटाला दोन्ही ओळी फळ्यावर एकाखाली एक लिहायला लावा आणि बदललेल्या अक्षराला गोल करायला सांगा. पाच मिनिटांत बोलीचा धडा होतो.

संतांच्या बाबतीत पहिली चाळणी नाममुद्रेची, म्हणजे रचनेत गुंफलेल्या कवीच्या खुणेची. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी', ज्ञानदेवांसाठी 'बाप रखुमादेवीवरु': शेवटच्या चरणात यांपैकी काय आहे ते पाहायचं. 'विठ्ठला तू वेडा कुंभार' हा संतांचा अभंग म्हणून सर्रास फिरतो, तो ग. दि. माडगूळकरांनी १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटासाठी लिहिला. पण मुद्रा आहे म्हणून अभंग खराच, असंही नाही. तुकोबांच्या नावावर नंतर घुसवलेले अभंग भरपूर आहेत. म्हणून दुसरी चाळणी गाथेची, म्हणजे त्या संताच्या अभंगसंग्रहाची: अभंग छापील गाथेत सापडतो का? क्रमांक लिहिताना कोणती प्रत तेही लिहावं, कारण प्रतीगणिक क्रमांक बदलतात. ज्ञानेश्वरीचंही तेच, अध्याय, ओवी आणि प्रत, तिन्ही हवेत. चॅटबॉटने दिलेली ओवी तर या तिन्हींशिवाय वहीत उतरवूच नये. ओवीच्या चालीत नवी ओळ रचून देणं त्याला सहज जमतं.

शोधूनही काही सापडत नाही तेव्हा

बहुतेकदा तीनपैकी एक कारण असतं. जुन्या पुस्तकाची पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो असतील, तर त्यात कंट्रोल-एफ चालणार नाही. पुस्तकाच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते, तिथून पान गाठावं. जुन्या लेखनात अनुस्वार जास्त असतात: 'जे का रंजले गांजले' टाकलं आणि पाठात 'जे कां' असेल, तर जुळत नाही. अशा वेळी एकच ठसठशीत शब्द टाकावा, 'गांजले'. आणि कॉपी केलेला मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन आला, तर तो युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताआधीच्या फाँटमधला आहे. दुरुस्तीत वेळ न घालवता मराठी विकिस्रोतावर तीच रचना बघावी. संदर्भासाठी मराठी विश्वकोशातली नोंद आधी वाचावी, बाकी सगळं नंतर.

सालांची गल्लत

ज्ञानेश्वरीतच काळ दिला आहे: 'शके बाराशतें बारोत्तरें', म्हणजे शके १२१२. मुलं ते इ.स. १२१२ लिहितात आणि ग्रंथ ज्ञानदेवांच्या जन्माआधीच तयार होतो! शकात ७८ मिळवायचे: १२९०. जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तिथीला मात्र ७९. वहीत साल लिहिताना पुढे 'शके' किंवा 'इ.स.' लिहिल्याशिवाय गुण देऊ नयेत, इतकी ही सवय महत्त्वाची आहे.

दोन ठिकाणी दोन सालं मिळाली की मुलं घाबरतात आणि एक खोडतात. ज्ञानदेवांचा जन्म काही परंपरा शके ११९३ मानतात, काही ११९७, म्हणजे इ.स. १२७१ किंवा १२७५. इथे खोडरबर बाजूला ठेवायला सांगा. दोन्ही सालं लिहायची आणि प्रत्येकापुढे ते कुठे वाचलं ते.