नाताळची जुनी गाणी: हवं तेच रेकॉर्डिंग कसं ओळखायचं

नाताळच्या गाण्यांची यादी करताना गाण्याचं आणि गायकाचं नाव जुळलं म्हणून हवं तेच रेकॉर्डिंग मिळालं असं समजू नका. एकाच गायकाने तेच गाणं तीन-चार वेळा गायलेलं असतं आणि ॲपवर सगळ्यांना नाव एकच. शेजारी दिलेलं वर्षही पुष्कळदा संग्रह निघाला त्याचं असतं. भरवसा कानांवरच ठेवायचा.

बिंग क्रॉस्बीचं ‘व्हाइट ख्रिसमस’ घ्या. डेका कंपनीसाठी त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण २९ मे १९४२ रोजी झालं. त्या मास्टरवरून, म्हणजे मूळ प्रतीवरून, इतक्या तबकड्या निघाल्या की तो झिजला. म्हणून मार्च १९४७ मध्ये जॉन स्कॉट ट्रॉटरचा तोच वाद्यवृंद आणि केन डार्बी सिंगर्स यांना बोलावून गाणं जवळजवळ तसंच पुन्हा मुद्रित केलं. आज कानावर पडतं ते बहुतेक १९४७ चं. दोन्हींची लांबी तीन मिनिटांच्या आसपास, तेव्हा वेळ पाहून काही कळत नाही. अगदी सुरुवात ऐका. बासरी आणि चेलेस्टाची (घंट्यांसारखा आवाज देणारं पियानोसारखं वाद्य) बारीक किणकिण आली की ते १९४७ चं. ती नसेल, तर १९४२ चं.

नॅट किंग कोलच्या ‘द ख्रिसमस साँग’ची गंमत याहून मोठी, कारण त्याची रेकॉर्डिंग चार आहेत. नुसता पियानो, गिटार आणि बास असेल, व्हायोलिन अजिबात नसतील, तर ते जून १९४६ चं. ते १९८९ पर्यंत बाहेरच आलं नव्हतं. त्याच तिघांच्या साथीला मोजकी तंतुवाद्यं असतील तर ऑगस्ट १९४६ चं, म्हणजे तेव्हा गाजलेलं. पूर्ण वाद्यवृंद पण मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) असेल तर १९५३ चं. पूर्ण वाद्यवृंद आणि खरा स्टिरिओ (दोन कानांत वेगवेगळा आवाज) असेल तर १९६१ चं, आणि हल्ली सर्वांत जास्त वाजतं ते हेच.

शेवटची दोन वेगळी करायला हेडफोन लागतातच, फोनच्या स्पीकरवर फरक कळत नाही. आधी फोनच्या सेटिंगमधला ‘मोनो ऑडिओ’ बंद आहे ना ते बघा. मग एकेक कान काढून ऐका. दोन्हीकडे हुबेहूब तेच ऐकू आलं तर मोनो.

इथे एक फसवणूक होते. १९६० च्या दशकात कंपन्यांनी मोनो रेकॉर्डिंगचा एका बाजूला खर्ज वाढवून, दुसरीकडे तार वाढवून खोटा स्टिरिओ विकला. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने त्याला ‘ड्युओफोनिक’ नाव दिलं होतं. त्यात बाजू बदलली तर फक्त आवाजाचा पोत बदलतो. वाद्यांना स्वतःची जागा नसते. मोनोची पक्की खात्री हवी असेल तर फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, ट्रॅकच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करा, एकाच भागावर ‘इन्व्हर्ट’ (ध्वनिलहर उलटी करणं) लावा आणि दोन्ही एकत्र वाजवा. शुद्ध मोनो असेल तर शांतता पसरते. एमपीथ्री असेल तर किंचित खरखर उरू शकते. एलपीवरून उतरवलेल्या फाइलवर मात्र ही कसोटी चालत नाही, कारण धूळ आणि ओरखडे दोन्ही बाजूंना सारखे नसतात.

बॉबी हेल्म्सचं ‘जिंगल बेल रॉक’ मूळ १९५७ चं, पण त्याने ते नंतरही गायलं. स्वस्त संग्रहांत ही नंतरची रेकॉर्डिंग हमखास घुसतात. नावापुढे ‘री-रेकॉर्डेड’ दिसलं की ते सोडून दुसरं शोधा. काही वेळा ते लिहिलेलंच नसतं, तेव्हा माहितीत मूळ कंपनीचं, म्हणजे डेकाचं, नाव आहे का तपासा.

यादी जमली की आवाजाची पातळी सारखी करा. ‘पीक नॉर्मलाइज’ वापरू नका. ते सर्वांत उंच टोक मोजतं, आणि जुन्या तबकडीतल्या एका कडकड आवाजामुळे सगळं गाणं दबून राहतं. रिप्लेगेन (कानाला जाणवणारी पातळी मोजून गाणी सारखी करणारी सोय) वापरा, तेही ‘ट्रॅक’वर ठेवून. ‘अल्बम’वर ठेवलंत तर वेगवेगळ्या संग्रहांतून उचललेली गाणी एकमेकांशी जुळणार नाहीत.