डेटा खुला करायचाय? सुरुवात संमतीपत्रापासून

चुलीचा धूर आणि बायकांच्या फुप्फुसांची क्षमता यावर आम्ही पुणे जिल्ह्यातल्या काही वाड्यांवर काम केलं. पेपर स्वीकारला गेला आणि जर्नलने विचारलं, इतरांनाही वापरता येईल असा डेटा कुठे ठेवताय? एक्सेलच्या फाइल तयारच होत्या, मला वाटलं दोन दिवसांचं काम. त्याला चार महिने लागले. नुकतीच पीएचडी सुरू केलेल्यांचे हे महिने वाचावेत, म्हणून लिहितेय.

अडलं ते संमतीपत्रापाशी. ‘ही माहिती फक्त या अभ्यासासाठी वापरली जाईल’ हे वाक्य आम्ही जुन्या नमुन्यातून जसंच्या तसं घेतलं होतं. ज्या बाईने त्याखाली अंगठा उमटवला, तिला आपण शब्द दिलेला असतो. जर्नलला हवं म्हणून तो मोडता येत नाही. एथिक्स कमिटीनेही पुन्हा संमती घ्यायला सांगितलं. आशाताईंना सोबत घेऊन परत घरोघर फिरले. काहींनी नाही म्हटलं, त्यांच्या ओळी काढल्या.

एका आजींनी विचारलं, “माझं नाव जाईल का गं त्यात?” म्हटलं, नाही आजी. “आन् घर? घर कळंल का?”

त्या रात्री फाइल उघडली. नावं काढलेली होती, पण जीपीएसचे रकाने तसेच होते, दशांशाखाली पाच आकडे. पाचवा आकडा म्हणजे जेमतेम एक मीटर, थेट आजींचा उंबरा. ते रकाने पूर्ण काढले आणि विश्लेषणाला लागणारं तेवढंच ठेवलं: रस्त्यापासूनचं अंतर, स्वयंपाकघर आत की बाहेर. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत ‘वय 83, दमा’ एवढ्यावरही माणूस ओळखू येतो, म्हणून ‘75 च्या पुढे’ असा गट केला. अमेरिकी संगणकतज्ज्ञ लतान्या स्वीनी यांनी 2000 साली दाखवलं होतं की पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून सुमारे 87 टक्के अमेरिकन एकेकटे ओळखता येऊ शकतात. आपल्या वाड्या तर किती लहान!

मग कोडबुक, म्हणजे प्रत्येक रकान्यात काय आहे ते सांगणारी नोंद. हे काम कंटाळवाणं आहे, पण परक्या माणसाला तुमचा डेटा त्यावाचून कळणारच नाही. आमच्या आलेखात पीएम 2.5 (हवेतले अतिसूक्ष्म कण) रोज रात्री एकच्या सुमाराला उसळायचं. त्या वेळी चूल कोण पेटवतं? यंत्राचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर होतं. साडेपाच तास मिळवले की बरोबर साडेसहा, सकाळच्या भाकरीची वेळ. आम्हाला हे तोंडपाठ होतं, लिहिलेलं मात्र कुठेच नव्हतं. ‘999’ म्हणजे मोजणी झाली नाही, हेही नव्हतं. कुणी तो आकडा खरा धरून सरासरी काढली असती तर? प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि यंत्राचं मॉडेल पहिल्याच आठवड्यापासून लिहीत चला.

जागेचा प्रश्न सोपा आहे. झेनोडो हे सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेचं डेटा-भांडार मोफत आहे, एका नोंदीत 50 जीबीपर्यंत मावतं आणि डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो. हवेची मोजमापं आम्ही तिथे सर्वांसाठी खुली ठेवली. स्पायरोमेट्रीची, म्हणजे फुप्फुसांच्या तपासणीची फाइल मात्र अर्ज करणाऱ्या संशोधकालाच मिळते. दोन्हींत घरांचे क्रमांक वेगवेगळे ठेवलेत, नाहीतर एक फाइल दुसरीची किल्ली होते.

आपल्या डेटावर दुसऱ्याने आधी पेपर काढला तर, ही भीती मलाही होती. त्यासाठी ठरावीक मुदत डेटा बंद ठेवण्याची सोय आहे, ती बिनधास्त वापरा. पण कुलूप लावून पेनड्राइव्हवर ठेवू नका. दोन-दोन तास धुरात बसून त्या बायकांनी दिलेली माहिती आहे ती.

नव्या अभ्यासाचं संमतीपत्र आधी वाडीत वाचून दाखवलं. ‘अनामिक स्वरूपात’ हे कुणालाच कळेना. शेवटी एका ताईंनीच सुचवलं ते छापलं: ‘नाव-गाव काढून ही माहिती दुसऱ्या अभ्यासकांनाही देऊ.’