जाळ्यातले मासे पक्षी पळवतात तेव्हा

आधी चोर ओळखा, उपाय त्यावरच ठरतो. पाणकावळ्याच्या चोचीचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. त्याच्या तावडीतून सुटलेल्या माशाच्या अंगावर खोल ओरखडे दिसतात. बगळा भोसकतो, त्यामुळे पाठीजवळ भोक पडते. डोळे फोडलेले, पोट उकरलेले मासे वरच्या वर दिसले तर बहुधा कुरवांचे, म्हणजे सीगल पक्ष्यांचे काम.

कुरवांचा बंदोबस्त सोपा. जाळे ओढताना टाकाऊ मासे, आतडी पाण्यात फेकू नका, टोपलीत झाकून ठेवा. फेकलेत, की थवा होडीमागे लागलाच.

खरी डोकेदुखी पाणकावळ्याची. मोठा पाणकावळा दिवसाला साधारण अर्धा किलो मासे खातो. तो बुडी मारून शिकार करतो आणि तीही दिवसा, म्हणून पसरायचे जाळे संध्याकाळी टाकून उजाडायच्या आत उचला. खुंटांवर बांधलेल्या सापळ्यात मात्र मासे दिवसभर राहतात. तिथे मासे साठतात त्या कप्प्यावर वरून जाळी ताणा. ती सैल पडली तर बगळा तिच्यावर उभा राहून खालचे मासे टिपतो, म्हणून पाण्यापासून हातभर उंच ठेवा. दोरा जाड आणि ठळक दिसणारा घ्या. बारीक नायलॉनमध्ये पक्षीच अडकतो. बाजूंना मूळ जाळ्यापासून फूटभर अंतरावर दुसरी जाळी लावा, म्हणजे चोच आत पोचत नाही. कप्प्याच्या जाळ्याचा आस, म्हणजे विणीतल्या भोकाचा आकार, लहान हवा. मोठ्या आसात बुडी मारणाऱ्या पक्ष्याला घाबरून पळणारे मासे कल्ल्यांशी अडकतात आणि आयतेच सापडतात. पाणकावळ्याचे पंख भिजतात, ते वाळवायला त्याला बैठक लागते. खुंटांच्या माथ्यावर निमुळत्या टोप्या बसवा.

बुजगावणी, चमकत्या पट्ट्या, फटाक्यांचे आवाज थोडे दिवसच चालतात. वापरायचेच असतील तर जागा आणि वेळ सतत बदला, आणि मासे भरपूर लागणाऱ्या दिवसांसाठीच राखून ठेवा.

जाळ्यात पक्षी अडकलाच, तर आधी डोक्यावर कापड टाका आणि पंख अंगाशी धरा. बगळा डोळ्यांवर चोच मारतो, त्याची चोच धरून ठेवा. पाणकावळ्याची मात्र पूर्ण मिटू नका: त्याला बाहेरून नाकपुड्या नसतात, तो तोंडाने श्वास घेतो. चोचीत बोटभर फट ठेवूनच धरा आणि दोरा पक्ष्याच्या अंगापासून दूर ओढून कापा.