घरचं वायरिंग बदलताय? आधी एवढं बघून घ्या

मागच्या पावसाळ्यात आमच्या बाथरूमचा स्वीच सारखा गरम लागायचा, बोर्ड उघडला तर आत गीझरची वायर १.५ स्क्वेअर एमएमची (म्हणजे गीझरच्या मानाने बारीक), वरचं इन्सुलेशन वितळून तपकिरी झालेलं आणि जॉइंटला नुसती टेप गुंडाळलेली. घरात लहान पोर आहे, त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून सांगतो, लाइट-फॅनला १.५ चालते, पण गीझरला किमान २.५ आणि दीड टनाच्या एसीला ४ ची वायर घ्या, दोघांना वेगवेगळी लाइन आणि वेगवेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून लाइन बंद करणारा स्वीच) हवाच. आणि नुसत्या एमसीबीवर भरवसा ठेवू नका, तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो, माणसाला शॉक बसला तर एमसीबीला पत्ताही लागत नाही कारण तेवढा करंट त्याच्या दृष्टीने काहीच नसतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (थोडा करंट गळला तरी लाइन तोडणारा स्वीच) लागते, बसवल्यावर तिचं टेस्टचं बटण दाबून बघा, लगेच पडली पाहिजे. नंतरही अधूनमधून दाबत जा.

हिरवी वायर फक्त अर्थिंगलाच. वायर कमी पडली म्हणून तीच फेजला (करंट येणाऱ्या लाइनला) जोडणारे महाभाग आहेत, काम चालू असताना जवळ उभे राहा.

काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या, तसा नियमच आहे. महावितरणचं नवीन कनेक्शन घेताना त्याच्याच सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो, पण इन्सुलेशन आणि अर्थिंग खरंच तपासणीचं मीटर लावून तपासलंय ना ते डोळ्यांनी बघा.