एआयनेट वापरताना आधी दमन-मर्यादा बघा

दादरच्या एका किराणा दुकानाची बिलं गटांत लावायची होती. के-मीन्स या गट पाडायच्या नेहमीच्या पद्धतीला गट किती ते आधीच सांगावं लागतं, आणि नेमकं तेच माहीत नव्हतं. म्हणून एआयनेट घेतलं. डी कास्त्रो आणि व्हॉन झुबेन यांनी ब्राझीलमध्ये 2000 च्या सुमारास मांडलेली, शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवर बेतलेली ही पद्धत. शरीरात जंतू शिरला की त्याला जुळणाऱ्या पेशींच्या प्रती वाढतात, प्रतींत थोडे बदल होतात, जास्त जुळणाऱ्या टिकतात. इथे जंतूच्या जागी बिल, आणि पेशी म्हणजे बिलासारखीच आकड्यांची एक ओळ.

एकमेकींच्या फार जवळच्या पेशी मात्र काढून टाकल्या जातात. किती जवळ म्हणजे फार जवळ, ती दमन-मर्यादा. सगळी मेख इथेच. ती वाढवली की पेशी कमी, घटवली की ढीगभर. पण त्याआधी सगळे रकाने 0 ते 1 मध्ये आणा. मी विसरलो होतो; रुपयांच्या रकान्याने (40 ते 9,000) तासांचा रकाना (9 ते 21) पार गिळला आणि सकाळची गिऱ्हाइकं रात्रीच्यांत मिसळली.

उरलेल्या पेशी म्हणजे गट नव्हेत बरं. त्यांना कमीत कमी लांबीच्या झाडाने (सगळ्या पेशी जोडणाऱ्या, एकूण लांबी सर्वांत कमी असलेल्या रेषांनी) जोडा, शेजारच्यांपेक्षा ठळकपणे लांब फांद्या तोडा. तुकडे पडतात ते गट. पेशी मोजून गर्दीचा अंदाज बांधू नका, दाट भागही मोजक्या पेशींत आटतो. प्रत्येक बिल जवळच्या पेशीला चिकटवून मग मोजा. गणपतीतली मोदकाच्या पिठाची सात-आठ मोठी बिलं मला अशीच वेगळी सापडली.