कोळशाचा उघडा डबा किटमधून कसा बांधावा

मॉडेल रेल्वेचा नाद लागलेल्या ठाणेकराला १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडी बांधायची हौस असतेच. हौस जरूर बाळगा, पण पहिलं किट म्हणून वाफेचं इंजिन घेऊ नका. त्यातले दांडे, चाकं आणि गिअर जुळवायला जो हात लागतो, तो साध्या मालडब्यावर बसतो. सुरुवात बॉक्सएन वॅगनने करा: कोळसा वाहणारा, वरून उघडा, आठ चाकांचा तपकिरी डबा. चार भिंती, एक तळ, दोन बोग्या (डब्याखालचे चार-चार चाकांचे गाडे). कापणं, चिकटवणं, वजन, रंग, आकडे, मळवणं असं सगळं या एकाच डब्यात शिकून होतं.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. डबा आधी नीट धावला पाहिजे, मग देखणा व्हायला हवा. रंगाची घाई केली की सुंदर डबा पहिल्याच सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) रूळ सोडतो, आणि दुरुस्ती करताना तोच रंग खरवडला जातो.

आधी खरा डबा बघा

आपल्याकडे ही सोय घराजवळच आहे. दिवा–पनवेल मार्गावर मालगाड्यांची ये-जा असते आणि कळंबोलीला मोठं मालयार्ड आहे. दिवा किंवा पनवेलच्या फलाटावर उभं राहून एखादी थांबलेली मालगाडी शांतपणे पाहा. रुळांत उतरू नका, यार्डात शिरू नका. फलाटावरून लागेल तेवढं सगळं दिसतं. बघायच्या गोष्टी अशा: भिंतींचा तपकिरी रंग कुठे उडालाय आणि तिथे गंज कोणत्या छटेचा आहे. पोकलेनच्या बादलीचे मार आतून बसून पत्रा बाहेर कसा फुगलाय. तपासणी कर्मचाऱ्यांनी खडूने काय खुणा केल्यात. चाकाचा रुळावर टेकणारा पट्टा आरशासारखा चकाकतो आणि बाकीचं चाक मात्र मातकट असतं, हेही टिपून ठेवा. मोबाईलवर फोटो काढून ठेवले की रंगवताना अंदाजाने काही करावं लागत नाही.

मापं

एचओ म्हणजे १:८७ हे प्रमाण सुरुवातीला सोयीचं, कारण रूळ, चाकं, कपलर (डबे एकमेकांना जोडणारा आकडा) सहज मिळतात. खरा बॉक्सएन कपलरच्या तोंडापासून तोंडापर्यंत १०,७१३ मिलिमीटर लांब आणि ३,२०० मिलिमीटर रुंद. म्हणजे तुमचा डबा साधारण १२३ मिलिमीटर लांब आणि ३७ मिलिमीटर रुंद भरायला हवा. किट उघडल्यावर सगळ्यात आधी पट्टी लावा.

चाकं तर मोजाच. खऱ्या डब्याचं नवं चाक १,००० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे मॉडेलमध्ये ११.५ मिलिमीटर. काही किटमध्ये अमेरिकन मालडब्याची ३३ इंची चाकं येतात. ती साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास असतात आणि डबा बसका दिसतो. अशी चाकं निघाली तर बदलून घ्या.

एक तडजोड मात्र स्वीकारावी लागते. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर; ते १,४३५ मिलिमीटरच्या गेजचं प्रमाण आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, त्यामुळे खरं म्हणजे १९.२ मिलिमीटर हवेत. डबा खालून जरा अरुंद दिसतो. पहिल्या डब्याला यात अडकू नका.

हत्यारं

निपर, धारदार कटर, बारीक कानशींचा संच, चिमटा, छोटा गुण्या, ४०० ते १००० नंबरचे पॉलिश पेपर, अर्धा मिलिमीटरच्या बिटचं हातड्रिल आणि एक जाड काच. कानशी आणि ड्रिलसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारली की काम होतं.

कापणं आणि सांगाडा

सुटे भाग फ्रेमला जोडलेले असतात. ते हाताने कधीही तोडू नका. निपरने भागापासून थोडं अंतर ठेवून कापा, मग उरलेला खुंट कटरने आणि कानशीने साफ करा. सगळे भाग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणावर रंग धरत नाही.

चिकटवण्याआधी किट कशाचं आहे ते पाहा. पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक असेल तर पातळ प्लॅस्टिक सिमेंट वापरा. भाग जुळवून धरा आणि आतल्या बाजूने सांध्याला ब्रशचं टोक टेकवा. द्रव आपोआप फटीत ओढला जातो आणि दोन्ही पृष्ठभाग विरघळून एक होतात. थ्रीडी प्रिंट केलेल्या रेझिनवर हे सिमेंट चालत नाही, तिथे फेविक्विकसारखा सुपरग्लू लागतो. रेझिन घासताना मास्क लावा आणि पॉलिश पेपर ओला ठेवा.

आधी तळ आणि एक लांब भिंत जोडा, गुण्याने काटकोन तपासा, मग टोकाची भिंत आणि शेवटी उरलेल्या दोन. डबा काचेवर ठेवून चारही कोपरे टेकतात का ते पाहा. एक कोपरा उचललेला दिसला तर सिमेंट ओलं असतानाच हलका दाब देऊन सरळ करा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. तळ पिळलेला राहिला तर पुढे काहीही केलं तरी डबा नीट चालणार नाही.

बोग्या, वजन, कपलर

इथे हात आखडता घेऊ नका, सगळा वेळ इथेच घाला.

दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर सुमारे १४.४ मिलिमीटर हवं. कमी-जास्त असेल तर डबा सांध्यावर अडतो. चाक अक्षावर हलकंसं पिळत सरकवा आणि दोन्ही चाकं सारखीच सरकवा, म्हणजे अक्ष मधोमध राहतो. अक्षाची टोकं बोगीच्या खाचेत इतकी सैल हवीत, की फुंकर मारल्यावर चाक फिरत राहील.

आता बोगीचे स्क्रू. एक बोगी एवढीच आवळा, की ती डावी-उजवी वळेल पण कडेला डुलणार नाही. दुसरी जरा सैल सोडा, म्हणजे ती वळेलही आणि डुलेलही. डबा तीन टेकूंवर उभा राहतो आणि रूळ थोडा वरखाली असला तरी आठही चाकं रुळाला धरून राहतात.

वजनासाठी अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस कामाची आहे: एचओ डब्याला मुळात १ औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. १२३ मिलिमीटरच्या डब्याला ते सुमारे ९७ ग्रॅम होतात. नुसतं प्लॅस्टिक त्याच्या जवळपासही जात नाही. उघड्या डब्यात वजन लपवायची जागा एकच, कोळशाखाली. नट किंवा लोखंडी पट्ट्या तळाला, दोन्ही बोग्यांवर समान वाटून चिकटवा. शिसं वापरलंत तर हात साबणाने धुवा आणि मुलांना त्याला हात लावू देऊ नका.

बॉक्सएनला खऱ्यातही मधोमध नकल (knuckle, वाकवलेल्या बोटांसारखा) कपलरच असतो, त्यामुळे बाजारात मिळणारे एचओचे नकल कपलर त्याला शोभून दिसतात. मात्र सगळ्या डब्यांचे कपलर एकाच उंचीवर हवेत. त्यासाठी उंचीमापक मिळतो, तो घ्याच.

रंगाच्या आधी डबा रुळावर ठेवा. वळणावरून, सांध्यावरून ओढून पाहा आणि मग उलटा ढकलून पाहा. ओढताना जे दोष लपतात ते ढकलताना उघडे पडतात.

बारकावे

तळाखालची ब्रेकची नळी जुन्या मोटरच्या वाइंडिंगमधल्या बारीक तांब्याच्या तारेने छान होते. टोकाच्या शिडीच्या पायऱ्या किटमध्ये जाड ओतलेल्या असतील तर छिलून काढा, अर्धा मिलिमीटरची भोकं पाडा आणि तार वाकवून बसवा. हातब्रेकचं चाकही फोटोत पाहून लावा. एवढं पुरे.

रंग, आणि आपली हवा

ठाण्या-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर स्प्रे मारू नका. दमट हवेत लॅकरच्या स्प्रेवर पांढुरकी साय येते. पावसाळ्यात कापणं-चिकटवणं उरका, आणि दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत रंगाला बसा. गॅलरीत, मास्क लावून, गॅसच्या शेगडीपासून आणि पेटत्या समईपासून लांब. आधी राखाडी प्रायमर, मग तांबूस तपकिरी रंगाचे दोन पातळ हात. पातळ म्हणजे खरंच पातळ: पहिल्या हातानंतर खालचा राखाडी थोडा दिसायलाच हवा. चाकांचे रुळावर टेकणारे पट्टे आणि अक्षाची टोकं आधीच टेपने झाका.

आकडे

डेकल (चिकटवायचे छापील आकडे) बसवण्याआधी चकचकीत वार्निशचा हात द्या. खरखरीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि कडा चांदीसारख्या चमकतात.

आपल्या वॅगनचा नंबर ११ अंकी असतो: पहिले दोन अंक प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यानंतरचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार त्या डब्याचे स्वतःचे, आणि शेवटचा तपासणीचा. हा शेवटचा अंक मनाने टाकायचा नाही. पहिल्या दहांतले सम स्थानांवरचे अंक मिळवा, तिनाने गुणा, त्यात विषम स्थानांवरचे अंक मिळवा आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो अंक लिहा. समजा दहा अंक २२०१०५०३४८ आहेत. सम स्थानांची बेरीज १९, तिप्पट ५७. विषम स्थानांची ६. एकूण ६३. सत्तरला ७ कमी, म्हणून शेवटचा अंक ७. जाणकार माणूस डब्याजवळ वाकतो तेव्हा आधी हेच पाहतो.

मळवणं आणि कोळसा

डेकल वाळल्यावर मॅट वार्निश मारा. मग काळा-तपकिरी रंग खूप पातळ करून खाचांमध्ये सोडा आणि भिंतीवरचा कापसाच्या बोळ्याने वरून खाली पुसा. पाऊसही मळ तसाच ओढतो. बोग्यांवर खडूची तपकिरी भुकटी कोरड्या ब्रशने लावा, कारण तिथे ब्रेकची धूळ बसते. बाजूच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने एखादी खडूची खूण काढा.

कोळशासाठी वजनावर फोमचा तुकडा बसेल असा कापा, काळा रंगवा आणि खरा कोळसा कुटून, चाळून वर पसरा. पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडा. ढीग सपाट करू नका, दोन उंचवटे ठेवा.

शेवटी चाकांवरची टेप काढा, पट्टे पुसून घ्या आणि डबा रेकच्या (जोडलेल्या डब्यांच्या रांगेच्या) मधोमध जोडून पूर्ण गाडी वळणावर उलटी ढकला. तो शेजाऱ्यांपेक्षा हलका असेल तर इथेच रूळ सोडेल; कोळशाखाली थोडं वजन वाढवा. दुसरा डबा बांधाल तेव्हा त्याचा नंबर नव्याने काढा आणि त्याला पहिल्यापेक्षा कमी किंवा जास्त मळवा. एकाच रेकमधले दोन डबे सारखेच गंजलेले कधी दिसत नाहीत.