गाणे मनात आल्यापासून कानावर पडेपर्यंत : संगीत ॲपची सुलभता कशी तपासावी

संगीत ऐकवणारे ॲप निवडताना बहुतेक जण वर्गणी किती आणि गाणी किती एवढेच पाहतात. या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या असल्या, तरी रोजच्या वापरात माणूस कंटाळतो तो तिसऱ्याच कारणाने. हवे असलेले गाणे लागेपर्यंत किती वेळा बोट टेकवावे लागते आणि त्यांतले किती वेळा भलतीकडेच नेले जाते, हे ते कारण. स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, जिओसावन, ॲपल म्युझिक यांपैकी कोणतेही ॲप उघडले तरी पहिला पडदा देखणाच असतो, त्यामुळे त्यावरून काहीही ठरवू नये.

सुलभतेची व्याख्या करणारे आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानक तीन बाबी विचारात घेते : काम तडीस गेले का, त्यासाठी किती वेळ आणि श्रम लागले, आणि वापरणाऱ्याचे समाधान झाले का. मात्र या तिन्ही बाबी ठरावीक माणूस, ठरावीक काम आणि ठरावीक परिस्थिती यांच्या संदर्भातच तपासायच्या असतात, आणि मला या व्याख्येतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. लोकलच्या गर्दीत एका हाताने फोन सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला जे ॲप सोपे वाटेल, तेच पहाटे स्वयंपाकघरात ओल्या हातांनी अभंग लावू पाहणाऱ्या त्याच्या आजीला सोपे वाटेल असे नाही. म्हणून ॲप कोणासाठी हवे आहे, हे आधी ठरवावे आणि मगच तुलनेला बसावे.

तुलनेसाठी दोन, फार तर तीन ॲप घ्यावीत. ती एकाच फोनवर, एकाच नेटवर्कवर आणि शक्यतो एकाच दिवशी तपासावीत. ॲप उघडण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या ऐकण्यातली पाच कामे कागदावर लिहून काढावीत, कारण ॲप आधी उघडले की ते जे समोर मांडते तेच आपल्याला हवे होते असे वाटू लागते. प्रत्येक कामापुढे तीन रकाने आखावेत : किती वेळा बोट टेकवले, किती सेकंद लागले आणि किती वेळा मागे फिरावे लागले. माझ्या अनुभवात तिसरा रकाना सर्वांत बोलका ठरतो. दहा सेकंद जास्त लागले तर फारसे जाणवत नाही, पण दोनदा चुकीचे गाणे लागले की फोन बाजूला ठेवावासा वाटतो.

पहिले काम शोधाचे असावे आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण मराठी श्रोत्याची खरी अडचण तिथेच असते. ‘विठ्ठल’ हा एकच शब्द रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिला जातो. कोणी एक ‘टी’ लिहितो, कोणी दोन, कोणी त्यात आणखी एक ‘एच’ घालतो. ‘ळ’साठी तर रोमन लिपीत स्वतंत्र अक्षरच नाही. तेव्हा असा शब्द असलेल्या एखाद्या गाण्याचे नाव आधी देवनागरीत टंकित करावे, मग रोमनमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहावे आणि शेवटी माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलून पाहावे. चारही वेळा तेच गाणे वरच्या तीन नावांत दिसले, तर त्या ॲपचा शोध विश्वासार्ह समजावा. कलावंताच्या नावाबाबतही हीच काळजी घ्यावी. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ अशा वेगवेगळ्या पानांवर गाणी विखुरलेली असतील, तर एका पानावर न मिळालेले गाणे ॲपमध्येच नाही असा आपला गैरसमज होतो.

याहून अवघड परीक्षा संगीतकाराच्या नावाची आहे. या सेवांची मांडणी मुळात कलावंत, अल्बम आणि गाणे या तीन पायऱ्यांवर उभी आहे. आपण मात्र एखादे पद कवीच्या, संगीतकाराच्या, गायकाच्या किंवा रागाच्या नावाने लक्षात ठेवतो. जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिलेली आणि डॉ. वसंतराव देशपांडे यांनी गायलेली नाट्यपदे शोधून पाहावीत. अभिषेकीबुवांचे नाव लिहिल्यावर त्यांनी स्वतः गायलेलीच गाणी समोर येतात की त्यांनी संगीत दिलेलीही येतात, हे पाहिले की त्या ॲपने माहिती किती नीट भरली आहे ते कळते. गाण्याशेजारचे वर्षही तपासावे. जुन्या ध्वनिमुद्रणांपुढे अनेकदा मूळ वर्षाऐवजी डिजिटल प्रकाशनाचे वर्ष दिसते आणि पुढे तीच चूक माहिती म्हणून पसरते.

दुसरे काम क्रमाने ऐकण्याचे. त्यासाठी गीतरामायणाइतकी चांगली कसोटी मला सापडलेली नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या या मालिकेत ५६ गीते आहेत आणि कथा त्यांच्या क्रमानेच पुढे सरकते. एका ॲपच्या मोफत खात्यावर मी ती आईला लावून दिली आणि दुसऱ्या खोलीत गेलो, तर रामजन्मानंतर थेट सेतूबंधन सुरू झाले. आईला वाटले, तिच्याच हातून काहीतरी दाबले गेले. क्रम मोडला तो ॲपने आणि अपराधी वाटले ते वापरणाऱ्याला, ही गोष्ट मला आजही खटकते. म्हणून मोफत खात्यावर निवडलेले गाणेच लागते का, क्रम राखला जातो का, मागे जाता येते का आणि मधेच न मागितलेली गाणी घुसवली जातात का, हे वर्गणी भरण्यापूर्वी स्वतः पाहावे. हे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे मित्राच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) ख्याल पुष्कळदा दोन वेगळ्या गाण्यांच्या रूपात नोंदवलेले असतात. स्पॉटिफायमध्ये एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळण्याची सोय १२ सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती चालू राहिली, तर विलंबिताची शेवटची सम आणि द्रुताचा उठाव एकमेकांवर चढतात. सेटिंग्जमध्ये जाऊन ती शून्यावर आणावी. हे सेटिंग शोधायला किती वेळ लागला, तेही कागदावर लिहावे.

डेटाचा हिशेब सोपा आहे. ध्वनीचा दर्जा केबीपीएसमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती किलोबिट डेटा लागतो त्यात, मोजतात. ३२० केबीपीएस दर्जाने एक तास ऐकल्यास सुमारे १४४ एमबी खर्च होतात, तर ९६ केबीपीएसला सुमारे ४३. म्हणजे उच्च दर्जावर रोज एक तास ऐकणाऱ्याचा महिन्याला चार जीबीहून थोडा अधिक डेटा जातो. मोबाइल डेटासाठी आणि वायफायसाठी वेगवेगळा दर्जा ठरवता येतो का, ते पाहावे. घाटातून किंवा नेटवर्क नसलेल्या गावातून प्रवास असेल, तर गाणी आधीच उतरवून घेऊन फोन विमान मोडवर टाकावा आणि ती खरोखर वाजतात का, हे घरीच तपासावे. उतरवलेली गाणीही कायमची आपली होत नाहीत. स्पॉटिफायवर निदान ३० दिवसांतून एकदा इंटरनेटशी जोडणी करावी लागते. यूट्यूब म्युझिक फोनवर पडदा बंद ठेवून ऐकणे ही सामान्यतः सशुल्क सोय आहे, तर ॲपल म्युझिकमध्ये जाहिरातींसह चालणारे मोफत खातेच नाही.

ज्यांच्यासाठी ॲप घ्यायचे, त्यांच्या हाती फोन देणे हा या तपासणीचा कळीचा भाग. फोन द्यावा, काम सांगावे आणि गप्प बसावे. “तिथे नाही, खाली दाबा,” असे एकदा जरी आपण म्हणालो, तरी ती चाचणी ॲपची न राहता आपल्या मदतीची होते. फोनमधील अक्षरांचा आकार वाढवल्यावर गाण्यांची नावे कापली जातात का आणि थांबवण्याचे बटण पडद्याबाहेर सरकते का, हे पाहावे. दृष्टी अधू असेल, तर पडद्यावरचे वाचून दाखवणारी सोय, म्हणजे अँड्रॉइडवर टॉकबॅक किंवा आयफोनवर व्हॉइसओव्हर, चालू करावी. ‘चालू करा’, ‘पुढील गाणे’ असे स्पष्ट ऐकू न येता नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येत असेल, तर ते ॲप त्या व्यक्तीसाठी बाद समजावे, मग त्यात लाखो गाणी का असेनात. अनेक घरांतल्या ज्येष्ठांना ५००० गाणी आधीच भरलेल्या सारेगामा कारवां या रेडिओसारख्या यंत्राची सवय आहे. एक गोल खटका फिरवला की गाणे सुरू, हा त्यांचा मापदंड रास्तच आहे. ॲपने त्याच्या जवळपास तरी पोहोचावे.

शेवटचे काम बाहेर पडण्याचे, आणि तेही वर्गणी भरण्यापूर्वीच करून पाहावे. चाचणीचा मोफत काळ सुरू करताच रद्द करण्याची वाट शोधून ठेवावी. पैसे यूपीआय ऑटोपेने, म्हणजे एकदा दिलेल्या आदेशावरून दर वेळी आपोआप, जाणार असतील, तर तो आदेश आपल्या यूपीआय ॲपमधूनही रद्द करता येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, तो संदेश वाचल्याशिवाय पुसू नये. सेवा बंदही पडतात : रेसो भारतात ३१ जानेवारी २०२४ रोजी बंद झाले आणि त्याच वर्षी विंक म्युझिकही. अशा वेळी वर्षानुवर्षे जमवलेल्या गाण्यांच्या याद्या हातच्या जातात. म्हणून आपल्या आवडत्या गाण्यांची नावे गायक, संगीतकार यांच्यासह एका वहीत किंवा साध्या फाइलमध्ये उतरवून ठेवावीत. पुढच्या वेळी ॲपची तुलना करताना शोधाच्या चाचणीसाठी हीच वही कामी येते. निवड झाली की उरलेली ॲप काढून टाकावीत, त्यांच्या चाचणी वर्गण्या रद्द झाल्याची खात्री करावी आणि निवडलेल्या ॲपचे चिन्ह फोनच्या पहिल्याच पडद्यावर, अंगठा सहज पोहोचेल असे खालच्या ओळीत ठेवावे.